ब्रेक दाबल्यावर परत मिळणारे पेट्रोल

चौदाशे किलो वजनाची गाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने धावत असते, तेव्हा तिच्यात सुमारे 1 लाख 94 हजार ज्यूल गतिज ऊर्जा असते. सिग्नल लाल झाला, चालकाने ब्रेक दाबला की ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या चकत्या तापवून हवेत विरून जाते. इंजिन पेट्रोलमधली जेमतेम पाव ऊर्जा चाकांपर्यंत पोचवते असे धरले, तर तोच वेग पुन्हा घेण्यासाठी वीस-पंचवीस मिलिलिटर पेट्रोल जाळावे लागते. म्हणजे दर सिग्नलला चार-पाच चमचे. शहरात दिवसभरात गाडी किती वेळा थांबते याचा हिशेब करून पाहावा, मग हायब्रिड गाडीचे महत्त्व लगेच ध्यानात येईल.

हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असते आणि ब्रेक दाबताच ती जनित्र बनते. चाके तिला फिरवतात, वीज तयार होऊन बॅटरीत साठते आणि गाडी सुटताना तीच वीज मोटर वापरते. सगळी ऊर्जा परत येत नाही, कारण येता-जाता थोडी गळतेच. पण जी पूर्वी शंभर टक्के वाया जात होती, तिच्यातला मोठा वाटा हाती लागतो. ब्रेक पॅडची झीज कमी झाल्याने रस्त्यावर उडणारी त्यांची बारीक धूळही घटते. सिग्नलला इंजिन बंद असते, त्यामुळे मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर धूर येत नाही.

ही कल्पना आजची नव्हे. फर्डिनांड पोर्शे यांनी 1900च्या सुमारास व्हिएन्नाच्या लोनर कंपनीत पेट्रोल इंजिनाने वीज बनवून चाकांतल्या मोटरी फिरवणारी गाडी तयार केली होती. पुढे पेट्रोल स्वस्त झाले आणि ती वाट मागे पडली. ती पुन्हा उजळली जपानमध्ये. टोयोटाने 1990च्या दशकात ‘जी 21’ नावाचा प्रकल्प हाती घेतला आणि त्याची धुरा ताकेशी उचियामादा यांच्याकडे दिली. पहिला नमुना तयार झाला, पण 49 दिवस तो जागचा हललाच नाही. तरीही दोन वर्षांनी, डिसेंबर 1997 मध्ये प्रियस ही हायब्रिड गाडी जपानच्या बाजारात आली. त्याच महिन्यात जपानमधल्याच क्योतो शहरात हवामानबदलाचा करार मंजूर झाला. जपानच्या तेव्हाच्या चाचणीत प्रियसने लिटरला 28 किलोमीटरचे ॲव्हरेज दिले.

या गाडीच्या पोटातली यंत्रणा थक्क करणारी आहे. मध्ये एक दातेरी चाक, त्याभोवती फिरणारी छोटी चाके आणि सगळ्यांना कवेत घेणारे बाहेरचे कडे, असा हा गिअरांचा संच. मधल्या चाकाला जनित्र, छोट्या चाकांच्या चौकटीला इंजिन आणि बाहेरच्या कड्याला मोटर व गाडीची चाके जोडलेली. एवढ्यावरच इंजिनाची शक्ती दोन वाटांनी विभागली जाते, एक थेट चाकांकडे आणि दुसरी वीज होऊन. क्लच नाही, गिअर बदलणे नाही. इंजिनही वेगळे. जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने 1882 मध्ये सुचवलेले तत्त्व त्यात वापरले आहे. जळालेल्या वायूला प्रसरणासाठी जास्त अंतर मिळते, त्यामुळे त्याच थेंबातून जास्त काम निघते. अशा इंजिनाचा जोर कमी पडतो, तो मोटर भरून काढते. 2015च्या प्रियसच्या इंजिनाने इंधनातल्या ऊर्जेपैकी 40 टक्क्यांचे काम करून दाखवले.

मला सर्वांत जास्त कौतुक वाटते ते अमेरिकेत विकल्या गेलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमधल्या थर्मासचे. धुरातले विषारी वायू निवळवणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट तापल्याशिवाय काम करत नाही, आणि इंजिन थंड असताना इंधनही अर्धवट जळते. म्हणून गाडी सुरू केल्यानंतरचे पहिले मिनिट सर्वांत घाण असते. यावर उपाय म्हणून अभियंत्यांनी गरम कूलंट साठवणारी सुमारे तीन लिटरची निर्वात बाटली गाडीत बसवली. त्यातले कूलंट तीन दिवसांपर्यंत गरम राही आणि सकाळी इंजिन सुरू होण्याआधीच त्याच्या वरच्या भागात खेळवले जाई. एका मिनिटाच्या धुरासाठी घेतलेले हे कष्ट!

आता धुराचे आकडे पाहू. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास, मग वायू त्याच्या तिप्पट कसा? बाकीचे वजन हवेतल्या ऑक्सिजनचे. शहरात साधी गाडी लिटरला 12 आणि हायब्रिड 22 किलोमीटर जाते असे धरू. दहा हजार किलोमीटरला सुमारे 380 लिटर पेट्रोल आणि पावणेनऊशे किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. मोकळ्या द्रुतगती मार्गावर मात्र ब्रेकच लागत नाही, तिथे हा फरक बराच कमी होतो.

प्रियसवर एक मोठा आरोप 2007च्या सुमारास झाला. तिच्या बॅटरीतल्या निकेलमुळे कॅनडातले सडबरी उजाड झाले, असे छापून आले आणि जगभर पसरले. खरी गोष्ट अशी की तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निकेलचे खनिज लाकडाच्या ढिगांवर उघड्यावर भाजत असत. गंधकाच्या धुराने झाडे जळाली, खडक काळे पडले. 1972 मध्ये तिथे 381 मीटर उंच धुराडे उभे राहिले आणि 1978 पासून चुना टाकून, गवत पेरून, लाखो झाडे लावून ती भूमी पुन्हा हिरवी करण्याचे काम सुरू झाले. प्रियस त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी आली. पण म्हणून खाणींचा प्रश्न खोटा ठरत नाही. मोटरच्या चुंबकांना निओडिमियम लागते, त्याचा मोठा पुरवठा चीनमधून होतो, आणि इनर मंगोलियातल्या बायान ओबोच्या खनिजाचा गाळ बाओतौजवळ साचून राहिला आहे. होंडाने 2016 मध्ये जड दुर्मीळ मृदा धातूंशिवाय चालणारी हायब्रिडची मोटर आणली, ती पुरवठ्याच्या अशाच काळजीतून. हायब्रिडची बॅटरी लहान, जेमतेम एक-दीड युनिट विजेची असते. मोठ्या विद्युत गाडीच्या बॅटरीत अशा चाळीसेक मावतील. म्हणजे खनिजांचा भारही त्या मानाने कमी.

या गाड्यांचे पुढचे आयुष्यही पाहण्यासारखे आहे. जपानमध्ये वापरून झालेल्या प्रियस मोठ्या संख्येने मंगोलियात जातात. उलानबातरच्या हिवाळ्यात पारा उणे 30च्याही खाली जातो, तिथे मोटरच्या जोरावर सुरू होणारी गाडी लोकांना भरवशाची वाटते. शिवाय हायब्रिडला कर कमी. पण थकलेल्या बॅटऱ्यांची विल्हेवाटही मग त्याच देशाच्या गळ्यात पडते, आणि हा अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

घरी चार्ज करता येणाऱ्या प्लग-इन हायब्रिडची गोष्ट वेगळी, आणि तितकीशी चांगली नाही. युरोपीय आयोगाने 2024 मध्ये गाड्यांतल्याच मीटरवरच्या नोंदी तपासल्या. या गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीन पट कार्बन डायऑक्साइड सोडत होत्या. कारण साधे, लोक त्या पुरेशा चार्ज करतच नाहीत, आणि मग जड बॅटरीचे ओझे पेट्रोल वाहते.

आपल्याकडे ॲव्हरेजचा आकडा प्रमाणित होतो तो पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थांमध्ये. ग्रँड विटारा या गाडीच्या हायब्रिड प्रकाराचा आकडा लिटरला 27.97 किलोमीटर आहे. तोही चाचणीतलाच, रस्त्यावर त्यातून काही वजा होणारच. आता विद्युत गाडीशी तुलना करू. भारतात विजेचे एक युनिट बनवताना सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण चंद्रपूर-कोराडीसारखी कोळशावरची केंद्रे अजून धडधडत आहेत. विद्युत गाडीला शंभर किलोमीटरला 17 युनिटे लागली तर हिशेब 12 किलोवर जातो. हायब्रिडचे साडेचार लिटर पेट्रोल आणि ते शुद्ध करून पंपापर्यंत आणताना निघणारा वायू मिळूनही तेवढेच भरते. आज दोघी बरोबरीत आहेत. पण सौर आणि पवन वीज वाढेल तसा विद्युत गाडीचा आकडा उतरत जाईल, हायब्रिडचा तिथेच राहील, कारण तिच्यातली शेवटची युनिटभर वीजसुद्धा पेट्रोलमधूनच आलेली असते.

तेव्हा गाडी घेणाऱ्यांनी आधी आपले रनिंग पाहावे. दिवसभर शहरात फिरायचे आणि चार्जिंगची सोय नाही, तर प्लग नसलेली साधी हायब्रिड घ्यावी. टॅक्सीवाल्यांनी तर नक्कीच. घरी किंवा सोसायटीत चार्जर बसवता येत असेल, तर विद्युत गाडीच घ्यावी. आणि प्लग-इन घेतलीच, तर ती रोज रात्री न चुकता चार्जिंगला लावावी.