मोतीबिंदू : ऑक्सिजनच डोळ्याच्या भिंगाला कसा बाधतो?

मालवण, देवबाग, तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापण ओढणारे आणि होडीवर जाणारे मच्छीमार दुहेरी ऊन झेलतात. एक आभाळातले, दुसरे पाण्यावरून उलटून येणारे. या उन्हाचा मोतीबिंदूशी थेट संबंध आहे.

भिंग स्वच्छ कसे राहते?
भिंगात रक्तवाहिन्या नसतात. तिथे ऑक्सिजन अगदी कमी असतो आणि तेच भिंगाच्या हिताचे. कारण भिंगाच्या गाभ्यातली प्रथिने जन्मभर तीच राहतात, बदलली जात नाहीत.

बिघडते कुठे?
अतिनील किरण आणि जादा ऑक्सिजनमुळे हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे घातक रेणू तयार होतात. ग्लुटाथायोन त्यांना निकामी करते. पण वयानुसार गाभ्यातला त्याचा साठा घटतो. मग प्रथिनांच्या गुठळ्या होतात, प्रकाश विखुरतो आणि नजर धूसर होते. डोळ्यातला जेलीसारखा द्रव शस्त्रक्रियेत काढला, तर भिंगाला जास्त ऑक्सिजन पोहोचतो. त्यामुळे पन्नाशीपुढच्या बहुतेक रुग्णांना दोनेक वर्षांत मोतीबिंदू होतो.

पुरावा काय?
अमेरिकेतील चेसापीक उपसागरात ८३८ मच्छीमारांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिनील-बी किरणांचा मारा दुप्पट झाल्यास भिंगाच्या बाहेरील थरातील मोतीबिंदूचा धोका १.६ पट आढळला.

काय कराल?
• रुंद काठाची टोपी घाला.
• ‘यूव्ही ४००’ चष्मा वापरा. नुसती काळी काच पुरेशी नाही.
• विडी-सिगारेट सोडा.
• मोतीबिंदू थेंबांनी जात नाही, त्यावर शस्त्रक्रियाच उपाय. धूसर दिसू लागताच तपासणी करा.