रोधक पेप्टाइड (अस्थिरूपजनक प्रथिन)

रोधक पेप्टाइड हा प्रतिपिंडाची प्रतिजनाला चिकटणारी जागा आधीच व्यापून टाकणारा अमिनो आम्लांचा लहान तुकडा होय. प्रयोगात दिसणारा संकेत अपेक्षित प्रथिनाचा आहे की अन्य कशाचा, हे पडताळण्यासाठी त्याचा वापर होतो. अस्थिरूपजनक प्रथिन-२ (बीएमपी-२) या हाडांच्या वाढघटकावरील संशोधनातही ही चाचणी केली जाते.

पार्श्वभूमी

खनिजविरहित केलेले हाड प्राण्यांच्या स्नायूत रोपल्यास तेथे नवे हाड तयार होते, असे मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ ए. हरी रेड्डी आणि चार्ल्स हगिन्स यांनी १९७२ मध्ये या प्रक्रियेचे जीवरासायनिक टप्पे मांडले. १९८८ मध्ये या प्रथिनांची मानवी जनुके ओळखली गेली. २००२ पासून अमेरिकेत मणक्याच्या ठरावीक शस्त्रक्रियांत बीएमपी-२ वापरण्यास परवानगी आहे. त्यामुळे ते कोणत्या पेशींत आणि किती तयार होते, याचे अचूक मापन महत्त्वाचे ठरते.

कार्यपद्धती

प्रथिनाच्या साखळीतील साधारण १० ते २० अमिनो आम्लांचा तुकडा कृत्रिमरीत्या बनवून, मोठ्या वाहक प्रथिनाला जोडून सशाला टोचतात. सशाच्या रक्तजलातून अनेक प्रकारच्या प्रतिपिंडांचे मिश्रण मिळते. वऱ्हाडातील शेतकऱ्यांना परिचित असलेले सर्पदंशावरील औषधही घोड्याच्या रक्तातील अशाच मिश्र प्रतिपिंडांपासून बनते.

चाचणीसाठी प्रतिपिंडाचे दोन समान भाग करतात. एका भागात वजनाने सुमारे पाचपट किंवा अधिक रोधक पेप्टाइड मिसळतात. दुसऱ्यात केवळ द्रावण घालतात. नंतर दोन्ही भाग एकाच नमुन्याच्या दोन पट्ट्यांवर वापरतात. पेप्टाइडयुक्त भागात पट्टा नाहीसा झाल्यास तो प्रतिपिंडाच्या बंधनस्थळामुळेच उमटला होता, असे समजते. पट्टा कायम राहिल्यास तो दुय्यम प्रतिपिंडामुळे किंवा अविशिष्ट चिकटण्यामुळे आला असावा. असंबंधित पेप्टाइड घेऊन तिसरी तुलनाही करतात.

मर्यादा

पट्टा नाहीसा होणे हा प्रतिपिंड विशिष्ट असल्याचा पुरावा नव्हे. बीएमपी-२ आणि बीएमपी-४ यांच्या परिपक्व साखळ्यांत मोठे साम्य आहे. निवडलेला तुकडा दोहोंत सारखा असल्यास प्रतिपिंड बीएमपी-४ लाही चिकटतो आणि पेप्टाइड तो संकेतही तितक्याच सहजपणे पुसून टाकते. अशा वेळी चाचणी यशस्वी दिसते, निष्कर्ष मात्र चुकतो. तसेच संपूर्ण प्रथिनाविरुद्ध बनवलेल्या प्रतिपिंडाची चिकटण्याची जागा साखळीच्या घडीवर अवलंबून असल्यास लहान पेप्टाइड तो रोखू शकत नाही.

प्रतिपिंडांच्या पडताळणीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०१६ मध्ये पाच पद्धती सुचवल्या. संबंधित जनुक निष्क्रिय केलेल्या पेशींत संकेत नाहीसा होतो का हे पाहणे आणि त्याच प्रथिनाच्या वेगळ्या भागाला चिकटणाऱ्या दुसऱ्या प्रतिपिंडाशी तुलना करणे, या त्यांपैकी दोन होत. रोधक पेप्टाइडची चाचणी या पद्धतींना पूरक आहे, त्यांचा पर्याय नाही.