नटाचा चषक मुलाम्याचाच बरा

जुन्या वस्तूंच्या बाजारात चांदीचा मुलामा दिलेला चषक दिसला, की गिऱ्हाईक तो उलटा करते, बुडावरची ‘ईपीएनएस’ ही अक्षरे वाचते आणि परत ठेवून देते. आत तांबे, जस्त आणि निकेल यांचे जर्मन सिल्व्हर, वर विजेने चढवलेला चांदीचा पातळ थर; मोड जवळजवळ शून्य. माझे म्हणणे असे, की नटांना मिळालेल्या मानाच्या भेटींना ही शून्य मोडच तारून गेली. अस्सल चांदी ही नटाची अडीनडीची पुंजी. आधी गहाण, मग विक्री, शेवटी मूस. इंग्लिश नट एडमंड कीनने १२ जानेवारी १८१६ रोजी लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात सर जाइल्स ओव्हररीचची भूमिका रंगवली आणि सहकलाकारांनी वर्गणी काढून त्याला चषक दिला. तोच कीन १८३३ मध्ये डोक्यावर कर्ज ठेवून गेला. अशा संसारात चांदी किती टिकायची? पुढे जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या घरात गेली, तेव्हाही जुन्या घडणीची कितीतरी भांडी आटवली गेली. मुलाम्याच्या भांड्याकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

तंत्राचा इतिहास दोन वाक्यांत सांगतो. विजेच्या मुलाम्याचे पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतभावांनी १८४० मध्ये घेतले. सायनाइडच्या द्रावणाची युक्ती जॉन राइट या शल्यवैद्याची.

यावर कोणी म्हणेल, मुलाम्याची भेट म्हणजे आदरही मुलाम्याचाच. चार्ल्स कीनला, एडमंडच्या मुलाला, १८६२ मध्ये राजकारणी ग्लॅडस्टन यांच्या हस्ते अस्सल चांदीचा संच मिळाला, हे खरे. पण त्यामागे ईटन शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचे खिसे होते. पडदे ओढणाऱ्यांनी आणि दुय्यम नटांनी काय करावे? मुलामा स्वस्त झाला म्हणून त्यांनाही आपल्या माणसाला काही देता आले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जुन्या चषकावर मोठ्या नटाचे नाव आज कोरून किंमत वाढवता येते. येते खरे, म्हणूनच भिंग हवे. अक्षराच्या तळाशी पिवळसर धातू दिसला म्हणून लगेच खोटे ठरवू नये, कारण दुकानातल्या तयार चषकावर मजकूर मुलाम्यानंतरच कोरला जाई. पाहायच्या त्या कडा. वर्षानुवर्षे पुसलेल्या चषकावरचे बारीक ओरखडे अक्षरांच्या कडांवरूनही गेलेले असतात आणि कडा बोथट झालेल्या असतात. ताज्या कोरणीची कड नखाला लागते आणि जुना ओरखडा तिच्यापाशी येऊन तुटतो. नंतर कोरलेली तारीख त्या काळच्या नाटकाच्या जाहिरातीशी ताडून पाहावी. बेनिफिटच्या, म्हणजे ज्याची मिळकत त्या नटालाच जाई अशा खेळाची रात्र आणि चषकावरची तारीख जुळली, तर तो पुरावा मी चांदीच्या शिक्क्यापेक्षा भक्कम मानतो.

मुलामा झिजला म्हणून चषक पुन्हा चकचकीत करून घेण्याचा मोह होतो. नव्या थराने अक्षरे बुजतात, ओरखडे जातात, म्हणजे साक्षच पुसली जाते. आपल्याकडच्या संगीत नाटकांच्या काळातला असा एखादा पेला किंवा तबक कोणाच्या कपाटात असेल, तर त्यांनी तो मुलामेवाल्याकडे देऊ नये. आधी तिरप्या उजेडात मजकुराचे छायाचित्र घ्यावे आणि वस्तू कोणाकडून आली ते लिहून ठेवावे.