आनंदीबाईंच्या अमेरिकन मावशीचं माहेर

डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये न्यू यॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांना आपल्या घरी नेणाऱ्या, न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडोशिया कार्पेंटर आपल्याला ठाऊक आहेत. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. पण या मावशीचं माहेर कोणतं?

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन बाईचा वंशवृक्ष शोधताना घोडं इथेच अडतं. लग्नानंतर आडनाव बदलतं आणि कागदांतून माहेर पुसलं जातं. १८४० पर्यंतच्या जनगणनेत तर फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत, बायकामुलं म्हणजे वयोगटातले नुसते आकडे! १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र (गुलाम नसलेल्या) माणसाचं नाव येतं, पण कुटुंबप्रमुखाशी नातं काय आणि आईवडिलांचा जन्म कुठला, हे देशाच्या जनगणनेत १८८० पासूनच कळतं. १८९० ची बहुतेक पानं तर १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीनंतर कायमची गेली. संशोधकांना ही पोकळी आजही छळते.

म्हणून राज्यांच्या जनगणना सोन्यासारख्या. न्यू यॉर्क राज्याने १८५५ मध्येच नातं आणि जन्माची काउंटी विचारली होती. न्यू जर्सीची १८८५ ची मोजणी १८९० ची उणीव बरीच भरून काढते. त्याशिवाय मृत्युपत्रं पाहावीत, बाप लग्न झालेल्या लेकीला नव्या आडनावाने त्यात नोंदवतो.

आणि दफनभूमी तर पाहावीच. आनंदीबाईंच्या अस्थी न्यू यॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या जागेत आहेत. त्याच जागेतल्या शेजारच्या शिळांवरची आडनावं वाचा, माहेरचा शोध तिथूनच सुरू करा.