Explained : बैनामा की रेहननामा? आजोबांच्या कागदावरचा 'नामा' नेमकं काय सांगतो?

नांदेड, लातूर : घरातल्या जुन्या पेटीतून उर्दू कागद निघतो. वाचणारा सांगतो, 'वर बैनामा लिहिलंय.' पुढचा प्रश्न ठरलेला असतो : म्हणजे जमीन विकली की गहाण ठेवली?

17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाच्या कारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे त्या काळातल्या कागदांवर 'नामा' हे शेपूट वारंवार भेटतं.

'नामा' म्हणजे काय?

फारसीत 'नामा' म्हणजे पत्र किंवा लेख. त्याच्या आधीचा शब्द कागदाचा विषय सांगतो.

- बैनामा : विक्रीचा कागद, म्हणजे खरेदीखत
- रेहननामा : गहाणखत
- हिबानामा : बक्षीसपत्र
- इकरारनामा : करार
- हलफनामा : शपथपत्र

बैनाम्यात मालकी जाते, रेहननाम्यात कर्ज फेडून जमीन सोडवता येते. फरक सगळा पुढच्या एका शब्दाचा.

सर्वात फसवा शब्द कोणता?

राजीनामा. 'राजी' म्हणजे तयार, कबूल. उर्दूत राजीनामा म्हणजे तडजोडीचा लेख; पद सोडण्याला तिथे 'इस्तिफा' म्हणतात. मराठीत मात्र राजीनामा म्हणजे पद सोडणं. त्यामुळे भावांच्या दाव्यातल्या उर्दू कागदावर 'राजीनामा' दिसला म्हणून एकाने हक्क सोडला, असं समजू नये. दोघांत समेट झाला, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

हे शब्द आजही वापरात आहेत?

हो. अतिवृष्टीनंतर शेतकरी ज्याची वाट पाहतो तो पंचनामा हाच. त्यात 'पंच' संस्कृत आणि 'नामा' फारसी. वकिलाला दिला जाणारा वकालतनामाही त्याच घरातला. नांदेडशी तर याचं नातं आणखी जुनं आहे. गुरु गोविंदसिंगजींनी 1705 मध्ये औरंगजेबाला फारसी पद्यात लिहिलेलं पत्र 'जफरनामा', म्हणजे विजयपत्र, म्हणून ओळखलं जातं. 1708 मध्ये गुरुजींचं निर्वाण नांदेडलाच झालं.

प्रत्येक 'नामा' सारखाच का?

नाही. 'नामांतर' आणि 'नामावली' यांतला 'नाम' संस्कृत, अर्थ नाव. संत नामदेवांचा 'नामा' हे नावाचंच लाडकं रूप. पनामा तर देशाचं नाव. देवनागरीत हे सारखे दिसतात. उर्दूत मात्र कागदाचा 'नामा' नून, अलिफ, मीम, हे असा लिहितात, तर पनामाच्या शेवटी अलिफ येतो.

मग कागद मिळाल्यावर काय करावं?

फक्त मथळा वाचून निष्कर्ष काढू नका. जाणकाराकडून पूर्ण मजकूर वाचून घ्या. रक्कम, मुदत, चतुःसीमा, ताबा कोणाकडे आणि साक्षीदार कोण, हे तपासा. 'नामा' एवढंच सांगतो की हा लेख आहे. जमीन कोणाची, हे आतल्या ओळी सांगतात.