जुना पीसी जोडला, पण सुरूच होत नाही? आधी एसएमपीएस तपासा!

बिलिंगसाठी जुना डेस्कटॉप पुन्हा जोडला, बटण दाबलं आणि काहीच नाही? लगेच "मदरबोर्ड गेला" म्हणून नव्याचे पैसे मोजू नका. व्हिडिओतला क्रम इथे देतोय.

१) मागचा स्विच: जुन्या एसएमपीएसवर ११५/२३० असा छोटा लाल स्विच असतो. तो २३० वरच हवा. ११५ वर असताना प्लग लावला, तर एसएमपीएस उडतो.

२) चार पिनचा कनेक्टर: प्रोसेसरजवळचा हा कनेक्टर लावायचा हमखास राहतो. मग पंखे फिरतात, स्क्रीन मात्र काळीच.

३) क्लिपची टेस्ट: प्लग काढा, आतले सगळे कनेक्टर सोडवा. मोठ्या कनेक्टरमधली हिरवी आणि कुठलीही काळी वायर पेपरक्लिपने जोडा, मगच प्लग लावा. पंखा फिरला, तर एसएमपीएस चालू होतोय, एवढंच कळतं. लोड पेलेल याची खात्री नाही.

४) मल्टिमीटर: म्हणून सगळं परत जोडून, पीसी चालू करून मोजा. काळ्या वायरच्या तुलनेत पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७ व्होल्ट. आकडा याबाहेर गेला, तर एसएमपीएस बदला.

एक मात्र लक्षात ठेवा: एसएमपीएसचा डबा कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जोरदार शॉक बसेल एवढा चार्ज राहू शकतो. काटकसर करा, पण जिवाशी नाही!