गडी किती मावतात?

खेळांच्या जागा : लेखांक सहावा

बंदिस्त जागेत एअरसॉफ्ट सुरू करू पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : एवढ्या चौरस मीटरमध्ये गडी किती मावतील? प्रश्न व्यवहारी आहे, पण नुसत्या क्षेत्रफळावरून त्याचं उत्तर काढायला गेलं की हिशेब चुकतो. मागच्या लेखांकात आपण जंगलातली मैदानं पाहिली. तिथे झाडं, उतार आणि अंतर यांनी गर्दी आपोआप विरळ होते. छपराखाली ही सोय नसते. ज्यांनी मागचा लेखांक वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : एअरसॉफ्टमध्ये खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुकीतून सहा मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा छर्रा सुटतो, पेंटबॉलसारखा रंगाचा डाग पडत नाही, आणि छर्रा लागला की ज्याला लागला त्यानेच हात वर करून ‘बाद’ म्हणायचं असतं. या लेखांकासाठी शहर निवडलं आहे ते इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री. टाटांच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरचं मुख्यालय तिथल्या व्हिटली भागात असल्यामुळे पुण्याच्या अनेक घरांना हे नाव परकं नाही. कारखान्यांचं जुनं शहर, दोन विद्यापीठं, २०२१च्या जनगणनेनुसार साधारण तीन लाख पंचेचाळीस हजारांची वस्ती. बंदिस्त मैदानाचं गणित मांडायला असं शहर बरं पडतं.

क्षेत्रफळावरून गडी ठरत नाहीत, याचा पुरावा आपल्याकडच्याच मैदानांवर आहे. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे १३० चौरस मीटर. महिलांचं १२ बाय ८, म्हणजे ९६. चौथ्या हिश्श्याहून अधिक जागा कमी झाली, तरी दोन्हीकडे गडी सातच. खो-खोचं पारंपरिक मैदान २७ बाय १६ मीटर, म्हणजे कबड्डीच्या तिपटीहून मोठं, पण एका वेळी पळणारे मोजले तर पाठलाग करणारा एक आणि पळणारे तीन. बाकीचे आठ जण चौकोनात बसलेले. एकूण जागा नव्हे, एका क्षणी किती जणांची एकमेकांशी गाठ पडू शकते, यावर या खेळांची संख्या बेतलेली आहे. कबड्डीत ही गाठ चढाईच्या नियमाने बांधली जाते, खो-खोत पाट्यांनी आणि बसण्याच्या जागांनी. एअरसॉफ्टला असा शेकडो सामन्यांत घासून गुळगुळीत झालेला नियम नाही. तिथे हे काम भिंतींना करावं लागतं, आणि म्हणून भिंती कुठे उभ्या करायच्या हा निर्णय सजावटीचा नसून खेळाच्या नियमाइतकाच मूलभूत ठरतो.

हिशेबापुरती एक शेड धरू : ४० मीटर लांब, ३० मीटर रुंद, एकूण १२०० चौरस मीटर. त्यातले ३०० चौरस मीटर नोंदणी, बंदुकांचा वेग तपासण्याचं टेबल, सामान ठेवायची बाकं, चहा आणि स्वच्छतागृह यांत जातात. उरलं ३० बाय ३० मीटरचं मैदान. दोन संघ समोरासमोर आणि मध्ये आडवी भिंत, तिला तीन दारं. आता एका दाराजवळ उभं राहून बघा. नव्वद सेंटिमीटरची चौकट. तिच्या एका बाजूला एक गडी उभ्याने डोकावतो, दुसरा त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर बसून. तिसऱ्याला दिसते ती पहिल्याची पाठ. पलीकडेही तसंच. म्हणजे एका दारावर खऱ्या अर्थाने खेळणारे चार, तीन दारांवर बारा. या मैदानात चाळीस जण सोडले तर अठ्ठावीस जण रांगेत उभे आहेत, फक्त त्या रांगेला कुणी रांग म्हणत नाही. आता त्याच भिंतीला तीनऐवजी सात दारं ठेवा. क्षेत्रफळ एका चौरस मीटरनेही वाढलेलं नाही, पण गाठ पडणारे अठ्ठावीस झाले आणि मागे थांबलेले बाराच उरले. हे गणित ढोबळ आहे. प्रत्यक्षात गडी वळसे घालतात, दारं सोडून देतात, मागून येतात. तरी दिशा बदलत नाही : माणशी किती चौरस मीटर, या आकड्यापेक्षा माणशी किती दारं, हा आकडा अधिक खरं बोलतो.

मग भिंतीच नकोत, मोकळा हॉल ठेवून पिंपं आणि पेट्यांचे आडोसे मांडले तर सगळे तीस मीटर खुले होतील की, असं कुणी म्हणेल. इथे छर्‍याचं शास्त्र आडवं येतं. ब्रिटनमध्ये २०१७च्या कायद्याने एअरसॉफ्ट बंदुकीची मर्यादा आखून दिली : सलग झाडणाऱ्या बंदुकीला १.३ ज्यूल, एकेक छर्रा सोडणारीला २.५ ज्यूल. ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०७ मीटर वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा सुमारे १.१४ ज्यूल भरते, आणि तो तीस मीटर साधारण अर्ध्या सेकंदात कापतो. म्हणजे मोकळ्या हॉलमध्ये एका टोकाला नेम धरून बसलेला एकच गडी दुसऱ्या टोकापर्यंतची सगळी जागा आपल्या नावावर करून घेतो. सरळ लांब बोळाचंही तेच. तीस मीटरचा बोळ नकाशावर मोठा दिसतो, पण जो तिथे आधी पोचला त्याच्यासाठीच तो मोठा असतो, बाकी दहा जणांसाठी तो बंद रस्ता. तोच बोळ दर आठ-दहा मीटरला आपल्या रुंदीएवढा बाजूला सरकवला, की त्याचे तीन स्वतंत्र बोळ होतात आणि तिथे तिप्पट गाठी पडतात. भिंती वाढवून, म्हणजे चालण्याची जागा प्रत्यक्षात कमी करून, मैदानाची क्षमता वाढते, हे ऐकायला उलटं वाटतं, पण बंदिस्त मैदानाचं मर्म तेच आहे. अर्थात याला सीमा आहे. प्लायवूडचा तक्ता साधारण २.४४ बाय १.२२ मीटरचा मिळतो, त्यामुळे घाईने उभारलेल्या मैदानात अडीच बाय अडीच मीटरच्या खोल्यांची चाळ तयार होण्याचा मोह असतो. एकच दार असलेली अशी खोली म्हणजे सापळा. आत शिरलेला बाहेर पडत नाही, बाहेरचा आत शिरत नाही, आणि दोघे मिळून वाटेवरच्या पाच जणांना अडवतात. खोलीला दुसरं दार दिलं की तीच जागा पुन्हा खेळात येते.

आतापर्यंत जागेचा विचार केला. वेळेचा केला तर चित्र आणखी स्पष्ट होतं. बाद झालेला गडी आपल्या तळाकडे परत चालत जातो आणि तिथून पुन्हा खेळात येतो. समजा, सरासरी एक गडी साठ सेकंद टिकतो आणि परत यायला त्याला वीस सेकंद लागतात. म्हणजे कोणत्याही क्षणी चौथा हिस्सा माणसं वाटेवर आणि तीन हिस्से खेळात. चाळीसपैकी तीस जण खेळतायत, उत्तम. आता त्याच जागेत गर्दी वाढवली. गर्दीत टिकण्याचा काळ घटतो. तो वीस सेकंदांवर आला, की निम्मी माणसं सतत परतीच्या वाटेवर. साठ जणांकडून पैसे घेतले, पण खेळात असणारे तीसच. मालकाच्या दृष्टीने मैदान भरलेलं आहे. खेळणाऱ्याच्या दृष्टीने त्याने संध्याकाळभर पायपीट केली. म्हणूनच गर्दीच्या मैदानाबद्दलची तक्रार ‘जागा कमी होती’ अशी क्वचित येते. ‘सारखे बाद होत होतो’ किंवा ‘समोरचे लागूनही बाद होत नव्हते’ अशी येते. दुसरी तक्रार नुसती कुरबूर समजू नये. डाग न पडणाऱ्या खेळात प्रामाणिकपणालाही निवांतपणा लागतो. चार बाजूंनी छर्रे येत असताना भिंतीवरून उसळलेला कोणता आणि थेट लागलेला कोणता, हे ठरवणं खरोखर अवघड होतं.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात वजनदार : मोठी जागा असली की लोक दुरून येतात, हे उघड दिसतं, मग दारांचा हा कीस कशाला? रेडिंगमधलं बंद पडलेलं फ्रायर्स वॉक शॉपिंग सेंटर काही वर्षं एअरसॉफ्टसाठी वापरलं गेलं आणि तिथे खेळायला लोक लांबून यायचे, हे खरं आहे. पण ती जागा शॉपिंग सेंटर म्हणूनच बांधलेली होती. प्रत्येक दुकानाला दर्शनी तोंड, मागे सेवेचा रस्ता, मध्ये जिने आणि चौक. लोकांनी एकमेकांना भेटावं म्हणूनच जिची आखणी झाली, ती इमारत गाठी पाडण्याच्या कामी आयती आली. नुसत्या आकाराने काम भागत नाही, याचा दाखला कॉव्हेंट्रीतच आहे, आणि तो एअरसॉफ्टचा नाही. शहराच्या मध्यभागी २००७च्या डिसेंबरात आयकियाने सात मजली निळं दुकान उघडलं. २०२०च्या फेब्रुवारीत ते बंद करत असल्याचं जाहीर करताना कंपनीने इतर कारणांबरोबर हेही सांगितलं, की लहान भूखंडावर अनेक मजल्यांत पसरल्यामुळे दुकान चालवण्याचा खर्च वाढला आणि ग्राहकाचा अनुभव बिघडला. इमारत भव्य होती, पण मजल्यामागे मजला चढत जाण्याने माणसांचा ओघ तुटत होता. याच शहरात, १४ नोव्हेंबर १९४०च्या बॉम्बवर्षावानंतर डोनाल्ड गिब्सन यांच्या आराखड्यानुसार जी दुमजली बाजारपेठ उभी राहिली, तिच्याही वरच्या सज्जातली दुकानं खालच्याइतकी चालली नाहीत. जिना म्हणजे दार, तेही सगळ्यात चिंचोळं. वरच्या मजल्याला दोनच जिने असतील, तर तो मजला क्षेत्रफळात धरावा, क्षमतेत नाही.

कॉव्हेंट्रीत मोठी जागा मिळवण्याचा प्रश्न वेगळ्याच कारणाने कठीण आहे. एम वन, एम सिक्स आणि एम सिक्स्टी नाइन या महामार्गांच्या कुशीतला हा भाग ब्रिटनच्या मालवाहतुकीचा ‘सुवर्ण त्रिकोण’ म्हणून ओळखला जातो. शहराबाहेर रायटनला प्यूजोचा मोटार कारखाना २००६ साली थांबला, आणि त्या जमिनीवर आज गोदामांचं प्रोलॉजिस पार्क आहे. गोदामवाल्याला दहा-बारा मीटर उंच छप्पर हवं असतं, कारण तो माल एकावर एक रचतो. एअरसॉफ्टला भिंती लागतात अडीच मीटरच्या. म्हणजे भाडं उंचीसकट द्यायचं आणि वरची तीन चतुर्थांश हवा वापराविना सोडायची. अशा बाजारात दोनशे चौरस मीटर जास्त घेण्यापेक्षा चार दारं जास्त कापणं कितीतरी स्वस्त.

दुसरा आक्षेप अनुभवी संयोजकांचा असतो : आराखडा कसाही असो, नियमांनी सगळं सांभाळता येतं. तळाशी तीस सेकंद थांबायला लावा, संघ तीन करा, निम्म्यांना बाहेर बसवून पाळ्या लावा. हे चालतं, पण प्रत्येक नियम म्हणजे पैसे भरलेल्या माणसाला खेळातून बाहेर ठेवण्याचा सभ्य मार्ग. शिवाय नियम पाळले जातायत का, हे बघायला मार्शल लागतात, आणि मार्शल किती लागतील हे पुन्हा आराखडाच ठरवतो. मोकळ्या हॉलला दोन मार्शल पुरतात. माझ्या सात दारांच्या मैदानाला चार तरी लागतील, कारण भिंत खेळाडूची नजर अडवते तशी मार्शलचीही अडवते. हा दारांच्या बाजूने केलेल्या युक्तिवादाचा खरा तोटा आहे आणि तो मान्य करायला हवा. भिंतींच्या वरून चालत जाणारी अरुंद पायवाट बांधून काही अंशी तो भरून काढता येतो, आणि इथे त्या वाया जाणाऱ्या उंचीचा एकदाचा उपयोग होतो. एक कायद्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी. इंग्लंडच्या अग्निसुरक्षेच्या मार्गदर्शिकेनुसार साठ माणसांपर्यंत, बाकीच्या अटी जुळत असतील तर, बाहेर पडायला एक मार्ग चालू शकतो. त्यापुढे किमान दोन. आतल्या भुलभुलैयातून त्या मार्गापर्यंतचं अंतरही मोजलं जातं. तेव्हा एकसष्टावा माणूस कधी कधी फार महाग पडतो.

राहिला तो पैशाचा आक्षेप : जास्तीत जास्त माणसं बसवली नाहीत तर भाडं निघणार कसं? इथे जंगलाशी तुलना उपयोगी आहे. इंग्लंडमध्ये मोकळ्या जमिनीवर असे खेळ वर्षातले २८ दिवस, काही अपवाद सोडता, वेगळ्या नियोजन परवानगीशिवाय घेता येतात. जंगलवाल्याचा संसार रविवारवर चालतो आणि त्याने रविवारच्याच गर्दीचा विचार केला तर ते बरोबर आहे. शेडवाल्याचं भाडं मात्र मंगळवारीही चढत असतं. त्याला मंगळवारी संध्याकाळी सात वाजता काम उरकून आलेले सोळा-अठरा जण सांभाळायचे आहेत. साठ जणांसाठी बांधलेल्या मैदानात अठरा जण सोडले की ते एकमेकांना शोधत फिरतात. तळमर्यादाही कमाल मर्यादेइतकीच खरी असते, आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. त्यात नवख्यांचा मुद्दा आहे. २००६च्या कायद्यानंतर खऱ्यासारखी दिसणारी बंदूक विकत घ्यायची तर आपण खेळाडू असल्याचं दाखवावं लागतं, आणि विक्रेत्यांच्या युकारा या संस्थेची नोंद त्यासाठी सर्रास वापरली जाते. ती मिळायला किमान ५६ दिवसांच्या काळात तीन खेळ लागतात. म्हणजे विद्यापीठातला नवा मुलगा दोन महिने भाड्याची बंदूक घेऊन येणार. रविवारच्या साठ जणांच्या चेंगराचेंगरीत पहिल्याच वेळी तो वीस-वीस सेकंदांनी बाद होत राहिला, तर तिसऱ्या खेळापर्यंत पोचतच नाही.

तेव्हा कॉव्हेंट्रीतल्या आपल्या कल्पित शेडसाठी माझं मत असं : मैदान कायमचं चाळिसांसाठी बांधावं, मधली भिंत मात्र चाकांवर ठेवावी. मंगळवारी ती सरकवून ३० बाय ३० चं ३० बाय १५ करायचं, चार दारं उघडी, तीन बंद. रविवारी भिंत मागे, साती दारं उघडी, आणि नोंदणी चाळिसाला थांबवायची, बाहेर आणखी वीस जण उभे असले तरी. त्या विसांना दुपारची वेळ द्यावी. एकाच दिवसात चाळीस आणि वीस असे दोन खेळ घेतले तर गल्ल्यात साठच जणांचे पैसे येतात, मार्शल तेवढेच लागतात, आणि दुसरा दरवाजा फोडावा लागत नाही. वाढणारा खर्च म्हणजे चार तासांची वीज आणि माणसांची मजुरी. तो दुपारच्या वीस जणांच्या पैशांतून निघेल की नाही, हे शेवटी प्रवेशशुल्कावर अवलंबून आहे, आणि शुल्क किती असावं हा पुढच्या लेखांकाचा विषय.